मैदानाच्या कडेची माणसं

दुबईहून आलेल्या माणसाला चिपळुणात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तो उंच टॉवर बघितलात का?" बघितला. मान दुखेपर्यंत बघितला. दुसरा प्रश्न, "सोनं किती आणलंत?" हा विचारणाऱ्याला मी चहा विचारत नाही. मी तिथे रग्बीचा सामना बघितला, आणि एकटीने नाही, बसभर माणसं नेऊन बघितला, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? म्हणून आपणच सांगून टाकते.

माझा उभा जन्म शाळेच्या मैदानावर गेला. पी.टी.ची शिक्षिका. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळले, पुढे पोरापोरींना शिकवली. निवृत्त झाल्यावर घरात बसून पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा लेकीने, मनीषाने, तिकीट पाठवलं. आमचे हे विमानात बसायला तयार नाहीत. "ज्याच्याखाली काही नाही त्यात मी बसत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी एकटीच निघाले. मंदी येऊन वर्ष उलटून गेलं होतं. अमक्याचा मुलगा दुबईहून परत आला, तमक्याची नोकरी गेली, असं बाजारात रोज कानावर यायचं. सगळे परत येत होते तेव्हा मी निघाले होते. माझं सगळं असंच उलटं.

मरीना

आमच्याकडे एक रीत आहे. आखातात कुणी निघालं की ती बातमी आपोआप पसरते, आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत ते पिशव्या घेऊन दारात उभे राहतात. विमानात वजनाची मर्यादा असते हे त्यांना सांगून उपयोग नसतो; "एवढंसं तर आहे," म्हणतात. माझ्याकडे लक्ष्मीवहिनी आल्या. त्यांचा दत्ताराम माझा विद्यार्थी. आता तो अल क्वोजला कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो आणि इमारतींच्या सळ्या बांधतो. तिकडे त्या कामाला स्टील फिक्सर म्हणतात. त्याच्यासाठी वहिनींनी आमसुलं, कुळथाचं पीठ, सुकट आणि सुके बोंबील दिले. बोंबील चार पिशव्यांत गुंडाळले होते. पाचवी हवी होती, हे मला मरीनात, लेक राहते त्या वस्तीत, पोचल्यावर कळलं.

लेकीची इमारत म्हणजे खाली आरशासारखी फरशी, फुलदाण्या, आणि टेबलामागे नेटका कोट घातलेली एक फिलिपिनो मुलगी. आम्ही लिफ्टची वाट बघत उभे होतो. त्या मुलीने आधी एसीच्या झडपेकडे पाहिलं, मग फुलदाणीत नाक घालून पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. जावई केदार हळूच म्हणाला, "आई, बॅगेत काय आहे?"

"बोंबील."

"आई, इथे सगळं कॉर्पोरेट क्राउड आहे हो."

नात ईशा नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आजी, इट स्मेल्स लाइक समथिंग डेड!"

"डेडच आहे ते," मी म्हटलं. त्यावर टेबलामागची मुलगी खुदकन हसली. तिने टेबलावरून जरा पुढे वाकून मला सांगितलं की तिच्या गावीही असेच मासे वाळवतात आणि तिला वासावरूनच भूक लागली आहे. मग मी तिला त्यातले चार बोंबील काढून दिले. लक्ष्मीवहिनींना हे सांगितलेलं नाही.

पुढचे काही दिवस मी मरीना पायाखाली घातला. पाण्याच्या कडेने चालायला सुंदर फरसबंदी, पण चालणारं कोणी नाही, पळणारे पुष्कळ. आपल्याकडे कुणी पळताना दिसलं तर माणसं विचारतात, काय झालं? इथे सगळे कानात गाणी घालून उगीचच पळत असतात. संध्याकाळी गॅलरीत बसले की समोरचे टॉवर दिसायचे. चाळीस-पन्नास मजले, आणि उजेड मोजक्या खिडक्यांत. बाकी सगळं दिवाळीत सुतक पडलेल्या घरासारखं. क्रेनसुद्धा जिथे थांबल्या तिथेच हात पसरून उभ्या होत्या. "मागच्या वर्षीपर्यंत इथे पार्किंग मिळत नव्हतं," मनीषा म्हणाली. "आमच्या मजल्यावरची तीन घरं एका महिन्यात रिकामी झाली. एकांनी तर सोफासुद्धा नेला नाही." तो सोफा आता मनीषाच्या घरी होता. मी त्यावरच बसले होते.

कीथ जेवायला येतो

केदारच्या ऑफिसचा साहेब कीथ आणि त्याची बायको जेवायला यायची होती. केदारने मला दुपारीच बजावलं. "आई, प्लीज, त्याला पर्सनल काही विचारू नका. ऑफिसमध्ये वातावरण टाइट आहे. दर वीकला कुणाची तरी नोकरी खलास करतायत."

मी कबूल केलं. पण कीथ आत आला आणि मी त्याचे कान पाहिले. पुरीत वाफ न भरता ती तशीच कडक व्हावी, तसे चपटे, मुडपलेले कान. नाकही एकदा मोडून परत बसवलेलं. पहिला घास घेण्याच्या आत मी माझ्या शाळामास्तरणी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही काय खेळता?"

केदारचा चमचा हवेतच राहिला. कीथ मात्र असा खुलला की कोलंबीचं कालवण गार होईपर्यंत बोलत राहिला. तो रग्बी खेळायचा. त्यातही दोन जाती आहेत म्हणे. एक पंधरा जणांची, बड्या शाळांतल्या लोकांची, आणि दुसरी तेरा जणांची, खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्यांची. तिला लीग म्हणतात. कीथ दुसरीतला. चेंडू घेऊन समोरच्यांच्या अंगावर पळत जायचं, ते तिघं-चौघं मिळून तुम्हाला धरून पाडणार, पडलात की उठून चेंडू मागे द्यायचा, पुन्हा पुढे. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा.

"म्हणजे सहा चढाया," मी म्हटलं. "धरणं महत्त्वाचं की पळणं?"

"धरणं," तो म्हणाला. "पळता कुणालाही येतं."

तिथून आमचं जमलं. मी त्याला घोट्याची पकड कशी असते ते टेबलाच्या पायावर करून दाखवली. मनीषा डोळ्यांनी नको नको म्हणत होती आणि कीथची बायको खुर्ची मागे सरकवून नीट बघता यावं म्हणून उभी राहिली होती.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: बघायला किती माणसं येतात? कुठल्याही खेळाचं मला हेच कुतूहल असतं. खेळणाऱ्याला खेळायची हौस असतेच, पण जो उन्हात उभा राहून दुसऱ्याचा खेळ बघतो तो कशासाठी येतो?

कीथने काटा खाली ठेवला. इंग्लंडातल्या त्याच्या गावात, आजोबांच्या वेळी, शनिवारची पाळी सुटली की माणसं खाणीतून थेट मैदानावर यायची, तोंडावरची काजळी तशीच घेऊन. मागे उभ्या असलेल्यांची लहान मुलं डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवायचे. वडिलांच्या वेळीही गर्दी असायची, पण मुलं पुढे पाठवावी लागत नव्हती. मग खाणी बंद पडल्या, टीव्ही आला, आणि कीथ खेळायला लागला तेव्हा कुठला आवाज कुणाचा आहे ते मैदानातून ओळखू यायचं. नोकरीसाठी तो दुबईला आला तेव्हा इथे आठ-दहा वेडे जमून नुसत्या वाळूवर खेळायचे. बघायला बायका आणि एखादा उंट. पुढे दुबई फुगली, हिरवळीचं मैदान मिळालं, शुक्रवारी कडेने घडीच्या खुर्च्यांची रांग लागायला लागली. "तेव्हा मला वाटलं, आजोबांनी हे बघायला हवं होतं," कीथ म्हणाला. मंदी आली आणि खुर्च्या गेल्या. आधी बघणारे गेले, मग खेळणारे.

"आता?"

आता उरलेलंही जाणार होतं. मैदान एका घरबांधणी कंपनीच्या वसाहतीत होतं. कंपनी त्या हिरवळीला पाणी घालायची, कारण सामने बघायला लोक येतात, आणि आलेले लोक घरंही बघतात. आता लोक येत नाहीत तर पाणी कशाला? येत्या शुक्रवारी अबुधाबीच्या संघाशी सामना होता. कंपनीचा माणूस स्वतः येऊन बघणार होता. कडेला माणसं दिसली तर मैदान आणखी एक वर्ष, नाही तर बंद. कीथ हे हसत सांगत होता, पण त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मला वाईट वाटलं. मीही बायकांच्या कबड्डीला कौलांवर चढून बसलेली माणसं पाहिली आहेत. त्यातले निम्मे खेळ बघायला आणि निम्मे आम्हाला बघायला यायचे, ते असो, पण यायचे. आता आमच्या शाळेत सामना असला की सातवी-आठवीचे वर्ग आणून बसवावे लागतात, आणि तीही पोरं बेलकडे कान लावून असतात.

अल क्वोज

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोंबील घेऊन टॅक्सीने अल क्वोजला गेले. मरीनापासून काही लांब नाही, पण एकदम दुसरा मुलूख. गोदामं, गॅरेजं, पत्र्याची कुंपणं, आणि मधे दुमजली कॅम्प. बाहेरच्या दोऱ्यांवर निळे डांगरी कपडे वाळत घातलेले, इतके की इमारतीचा रंगच निळा वाटावा. दत्ताराम फाटकाशी उभा होता. शाळेत काटकुळा होता, आता खांद्यांनी रुंद झालेला. भर फाटकात माझ्या पाया पडला. रखवालदार नेपाळी, त्याला वाटलं आई आली, म्हणून त्यानेही नमस्कार केला.

सामायिक स्वयंपाकघरात शेगड्यांची लांबच लांब रांग, एकीवर केरळची आमटी, दुसरीवर पेशावरचं मटण. दत्तारामने आमच्या शेगडीवर भात टाकला, सुकट परतली आणि आमसुलाचं सार केलं. खेड, गुहागर, संगमेश्वर अशी सगळी आपली पोरं भोवती जमली. पोरं म्हणायची, एकेकाचे कानशिलाचे केस पिकलेले. बोंबील भाजायला ठेवले तेव्हा कुणी नाकाला रुमाल लावला नाही. सगळे नुसते वास घेत उभे होते.

"कबड्डी खेळता की नाही?" मी विचारलं. शाळेच्या संघात दत्ताराम माझा उजवा कोपरा होता. याने घोटा धरला की सुटायचा नाही.

"खेळताव ना बाई. मागे वाळूवर, शुक्रवारी. पयले सात-आठ टीमा व्हत्या. हमरिया बंदराच्या यार्डातनं पोरं बस करून यायची. इतकी पब्लिक, की कॅम्पबॉस ओरडायचा." तो भात वाढत होता. "मग साइटी बंद झाल्या. अर्धी मानसं घरला पाठवली. आता खेळायला सात-सात कशी तरी होतात. बगायला कोन नाय."

चिपळूण, इंग्लंड आणि अल क्वोज, तिन्हीकडे एकच रडगाणं ऐकून मला गंमत वाटली. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात किडा वळवळला. कीथला बघणारी माणसं हवी होती. इथे बघायची हौस असलेली माणसं होती, फक्त बघायला काही नव्हतं. मी सगळं सरळ सांगितलं: असा असा खेळ आहे, धरपकडीचा आहे, माणसं दिसली नाहीत तर त्यांचं मैदान जाणार, शुक्रवारी येता का?

"गोऱ्यांचा खेळ?" गुहागरच्या एकाने विचारलं. "आमाला आत घेतील?"

"मी सांगते ना, ये."

शुक्रवार म्हणजे त्यांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. त्यात कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, झोप काढायची. तेवढं सोडून यायचं म्हणजे थोडं नव्हे. पण दत्ताराम म्हणाला, "बाईंनी सांगितलं म्हंजे जायाचं," आणि विषय मिटला. शाळेत माझं एवढं कुणी ऐकत नव्हतं.

शुक्रवार

पोरांच्या कंपनीची बस शुक्रवारी दुपारी पोरांना बाजारात सोडते. त्या दिवशी चालक खानसाहेबांनी ती मैदानाकडे वळवली आणि "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना उतरवलं. मी केदारच्या गाडीने आधीच पोचले होते. कडेला कीथच्या बायकोने आणलेल्या दहा-बारा घडीच्या खुर्च्या, त्यांवर तुरळक माणसं. आणि बसमधून ही वरात उतरत होती. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून बसवलेले केस, अत्तर, दोघा-तिघांच्या अंगात गावच्या संघाची बनियन. एकामागून एक इतके उतरले की केदार म्हणाला, "आई, ही एकच बस होती ना?"

हिरवळीशी येऊन सगळे थबकले. कीथला वाटलं काही अडलं. अडलं काहीच नव्हतं. पोरं चपला-बूट काढत होती. आमच्याकडे मैदानात चपला घालून जात नाहीत, मग खेळा की बघा. कडेने पादत्राणांची लांब रांग लागली आणि माणसं अनवाणी हिरवळीवर मांडी घालून बसली. एकाने गवत उपटून बघितलं, खरं आहे का म्हणून. कीथ मैदानाच्या मध्यावरून ही रांग बघत राहिला. पंचाने शिट्टी वाजवली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

सामना सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत पोरांना खेळ कळला, दहा मिनिटांत मतं तयार झाली. "कंबर धर, कंबर!" "अरे, खांद्याला काय लागतोस, पायात जा!" आणि मग घोटाळा सुरू झाला. कबड्डीच्या स्पर्धेला आपल्याकडे माणूस पकडीला टाळी देतो, मग ती कुणाचीही असो. इथे कीथच्या संघाचा गडी चेंडू घेऊन पळाला, अबुधाबीच्या एका आडदांड पोराने त्याला घोट्यात धरून असा लोळवला, की बसभर माणसं उठून उभी राहिली. शिट्ट्या, आरोळ्या! घडीच्या खुर्च्यांवरची मंडळी आमच्याकडे बघायला लागली. कीथची बायको धावत आली. "ही माणसं आमच्या बाजूची आहेत ना?"

"ती कुणाच्याच बाजूची नाहीत," मी म्हटलं. "पकडीच्या बाजूची आहेत."

इतक्यात गुहागरवाला खिशातून नोट काढून सरळ मैदानात धावत गेला. आमच्या स्पर्धांत असंच असतं. एखादी पकड मनात भरली की प्रेक्षकातून कुणीतरी बक्षीस जाहीर करतो आणि ते खेळाडूच्या हातात देतो. याने भर खेळात त्या आडदांड पोराचा हात धरून त्यात नोट कोंबली. दहा दिरहॅम. "सव्वाशे रुपये दिले भडव्याने," माझ्या शेजारचा कौतुकाने म्हणाला, आणि मग मी बसले आहे हे आठवून जीभ चावली. पंचाने खेळ थांबवला. त्याला वाटलं भांडण आहे. अबुधाबीचा पोरगा नोट हातात धरून भांबावून उभा. मी साडीचा ओचा सावरत मैदानात गेले आणि हा मान आहे, घे, नाही म्हणू नकोस, असं त्याला सांगितलं. ईशा मागून ओरडत होती, "आजी, गेट ऑफ द पिच! धिस इज सो एम्बॅरसिंग!" पोराने नोट मोज्यात खुपसली आणि रांगेकडे वळून हात जोडले. ते हात जोडणं कुठे शिकला होता कोण जाणे, पण त्यानंतर दोन्ही संघ अशा पकडी करायला लागले की विचारू नका. ज्याला त्याला रांगेकडून टाळी हवी होती.

मध्यंतरात कीथची बायको संत्र्याच्या फोडी घेऊन आली. पोरांनी उकडलेले चणे आणले होते. ते तिने ओंजळीत घेतले. मी मात्र घरबांधणी कंपनीचा माणूस शोधत होते. तो लांब उभा होता, कोट घातलेला, फोनवर फोटो काढत. मी जवळ गेले तर तो मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही मराठी का? मी निखिल, कोथरूडचा." मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता काम झालं.

"बघितलीस गर्दी?" मी म्हटलं.

"हो ना, खूपच. पण काकू..." तो फोन खिशात ठेवत म्हणाला, "फुटफॉल म्हणजे हे लोक नाही धरता येत. आमची टार्गेट ऑडियन्स वेगळी आहे. हे काही व्हिला घेणार नाहीयेत ना. मी वरती रिपोर्ट काय देऊ?"

"माणसं आली, असा दे."

"तसं नसतं ते." त्याचा चेहरा पडला. वाईट नव्हता तो मुलगा. "माझाच पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे, काकू. माझ्या टीममध्ये मी एकटा उरलोय."

मग तो पुन्हा फोटो काढायला लागला. मी बघत होते. तो आमच्या रांगेकडे पाठ करून घडीच्या खुर्च्यांचे फोटो काढत होता. मला असा संताप आला की पंचवीस वर्षांपूर्वी असता तर कान धरून वळवला असता. त्याला वळवून मी काय करणार होते? त्याच्या पोटावर कुणाचा पाय होता तेही दिसतच होतं. मी परत येऊन दत्तारामजवळ बसले. "काय बोलला सायेब?" त्याने विचारलं. "बघतो म्हणाला," मी सांगितलं.

कीथचा संघ हरला. तरीही खेळ संपल्यावर दोन्ही संघ रांगेसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पोरांना काय करावं कळेना. कुणीतरी गणपतीबाप्पाची आरोळी दिली आणि सगळ्यांनी मोरया केलं. कीथने डोळे पुसले, घाम पुसल्यासारखं करून.

पुन्हा अल क्वोज

दोन दिवसांनी केदार ऑफिसातून आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. "मैदान गेलं, आई. प्रोफाइल मॅच होत नाही म्हणाले. कीथने आज काहीच काम केलं नाही. नुसता खिडकीतून बघत होता."

मी त्या रात्री नीट जेवले नाही. मैदान गेलं याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. त्या पोरांना मी सगळं सांगून सामन्याला आणलं होतं. ती वाट बघत असणार, आणि मला परतायच्या आधी त्यांना तोंड दाखवायला जायचं होतं. काय सांगायचं? तुम्ही होतात, पण तुम्हाला धरलं नाही?

कीथ म्हणाला, मीही येतो, मला त्यांचे आभार मानायचे आहेत. त्याच्या गाडीतून आम्ही गेलो. वाटेत तो एवढंच म्हणाला की इतकी वर्षं दुबईत असून तो या रस्त्याला कधी वळला नव्हता. कॅम्पमागच्या वाळूवर पोरांनी चुन्याने रेषा मारल्या होत्या आणि खेळ चालला होता. गाडी बघितल्यावर तो थांबला. सगळे धावत आले. कुणीतरी कीथसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, पण तो बसला नाही. चपला काढलेल्या दिसल्या तिथे त्यानेही बूट काढले.

"मिळालं ना मैदान, बाई?" दत्तारामने विचारलं. धापा टाकत होता, हातापायाला वाळू लागलेली.

"नाही रे मिळालं," मी म्हटलं.

गुहागरवाल्याने खाली बघितलं. दत्ताराम एकदा माझ्याकडे, एकदा कीथकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं तो राग नव्हता, ती ओशाळगत होती.

"मानसं कमी पडली काय, बाई?"

मी कीथकडे बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, तरी तो माझ्याकडेच बघत होता.

"हो," मी म्हटलं. "थोडी कमी पडली."

"आदी सांगायचं ना, बाई," दत्ताराम कळवळून म्हणाला. "हमरियातली पोरं आणली असती. आमाला वाटलं, येवडी पुरतील."